माथेरान-प्रबळचा नकाशा लाकडात कोरतोय, पण सगळीकडे पायऱ्या येतायत, काय चुकतंय?

भुसा_आणि_बिट (खारघर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

घरी ४०४० साइजचं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) आहे, ४०० बाय ४०० एमएमची जागा, मोटरा चालवणारा जीआरबीएल कंट्रोलर, बिट फिरवणारा ५०० वॅटचा स्पिंडल. ड्राय बाल्कनी बंद करून त्यात बसवलंय. आत्तापर्यंत दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी असली कामं व्यवस्थित झालीत. आता जे करतोय ते बाबांसाठी आहे. बाबा ७१ वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत, एका डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. या माणसाने तीसेक वर्षं प्रत्येक रविवार डोंगरात घालवलाय, धोदाणीवरून सनसेट पॉइंटला चढणं, पेब, चंदेरी, इर्शाळ, प्रबळ, मलंग, हे सगळं त्यांचं घरअंगण. आता घरात बसून असतात आणि कोणी ट्रेकला गेलं की वाट विचारत बसतात. म्हणून ठरवलं की हा सगळा पट्टा लाकडात कोरून द्यायचा, म्हणजे हाताने फिरता येईल.

भाग घेतलाय तो बेलापूरपासून कर्जतपर्यंत, म्हणजे पूर्व-पश्चिम ३६ किलोमीटर आणि दक्षिण-उत्तर २७. लाकडावर ४०० बाय ३०० एमएम, म्हणजे स्केल १:९०,०००. या भागात सगळ्यात उंच साधारण ८०० मीटर धरलं तर नुसतं ९ एमएम होतं म्हणून उंची दुप्पट केली, १८ एमएम. नेटवर एक साइट आहे तिथे चौकोन आखला की उंचीचा करडा फोटो मिळतो, पीएनजी. तो फोटो अगदीच काळा आला होता, काहीच दिसेना, मग एडिटरमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट ताणून घेतला, त्यावर टूलपाथ, म्हणजे बिटने फिरायचा मार्ग, काढला. ६ एमएम फ्लॅट एंडमिलने (सपाट टोकाचा बिट) रफिंग, म्हणजे आधी ढोबळ कोरणं, मग ३ एमएम बॉलनोज (गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.३ एमएम, फीड (बिटचा वेग) मिनिटाला १५०० एमएम. पाइनच्या फळीवर ट्रायल मारली, फिनिशिंगलाच साडेपाच तास गेले.

निघालं ते दुरून छान दिसतं पण जवळून बघितलं तर सगळीकडे पायऱ्या. व्हर्नियरने मोजल्या, कुठे ०.७५ कुठे ०.८ एमएम. मला आधी वाटलं चालेल. बाबांच्या हातात दिलं, त्यांनी नेरळकडच्या बाजूने बोट फिरवलं आणि थांबले. म्हणाले इथे उल्हासच्या काठाला सपाट शेतं आहेत रे, हे बांध कुठून आणलेस. मग माथेरानच्या पश्चिम अंगाला आले तर म्हणाले इथे कडा लागायला हवा, मला जिना लागतोय.

तर हे कशामुळे होतंय? स्टेपओव्हर अजून कमी करू का? का झेडची (वर-खाली नेणारी) मोटर स्टेप्स खातेय? एका व्हिडिओत सांगितलं होतं की फोटोवर ब्लर मारा, पायऱ्या जातात, तसं करू? आणि पुढची फळी कुठल्या लाकडाची घेऊ तेही सांगा, कारण यावेळी नीटच करायचंय.

---

ऐरोली_जीआयएस

दोष मशीनचा नाही, फाइलचा आहे, आणि बाबांच्या बोटाने तो बरोबर पकडलाय. जरा हिशोब करून बघ. तुझे १८ एमएम म्हणजे ८०० मीटर, मग ०.७८ ची एक पायरी म्हणजे जमिनीवर जवळपास ३५ मीटर. आता एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर, तिला २५५ ने भाग. ३४.७ येतात. म्हणजे त्या साइटने समुद्रसपाटीला काळा आणि एव्हरेस्टला पांढरा धरून आख्ख्या जगाची उंची एकाच ८ बिटच्या फोटोत बसवलीय, आणि ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा असतात. आपले ८०० मीटर त्यातल्या तळाच्या २३ छटांत संपतात, म्हणूनच तुला फोटो काळा दिसला. तू ब्राइटनेस ताणलास तेव्हा त्या २३ छटा एकमेकींपासून लांब गेल्या, पण मधली माहिती मुळात नाहीच तर ती येणार कुठून? बाबांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजायला सांग, २३ च्या जवळपास भरतील बघ. स्टेपओव्हर ०.०५ केलास तरी त्याच पायऱ्या अजून गुळगुळीत कोरल्या जातील, बाकी काही नाही.

ब्लर मारू नकोस. त्याने पायऱ्या जातील पण कडेही जातील, आणि चुकीची उंची चुकीचीच राहणार.

मूळ डेटा घे. ओपनटोपोग्राफी नावाच्या साइटवर फुकट मिळतो. एसआरटीएम आहे, एन्डेव्हर शटलने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने मोजलेला, ३० मीटरला एक आकडा. दुसरा कोपर्निकस, तोही ३० मीटरचा, जर्मन टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ मधल्या मोजणीवरचा, हा जास्त स्वच्छ आहे. भुवन या इस्रोच्या साइटवर कार्टोसॅट-१ वरून केलेला कार्टोडेमही आहे. तुझ्या स्केलला ३० मीटर म्हणजे लाकडावर ०.३३ एमएम, तुझ्या बिटपेक्षा बारीक, म्हणजे याहून बारीक डेटाच्या मागे लागायची गरज नाही.

फाइल जिओटिफ (प्रत्येक बिंदूची जागा आणि उंची असलेला फोटो) येईल, ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि सगळ्यात आधी यूटीएम झोन ४३ उत्तर मध्ये आण, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये, कोड ईपीएसजी ३२६४३. हे न करता कोरतात लोक आणि मग नकाशा फुगतो. आपल्याकडे १९ अंशावर एक अंश अक्षांश १११ किलोमीटर असतो पण रेखांश १०५ च, अंशातला चौकोन तसाच वापरला की पूर्व-पश्चिम पाच-साडेपाच टक्के जास्त ताणली जाते, तुझ्या ४०० एमएममध्ये ते वीस एमएमच्या वर जातं. असं रीप्रोजेक्ट करताना रिसॅम्पलिंग (नव्या बिंदूंची उंची काढायची पद्धत) बायलिनियर किंवा क्युबिक ठेव, निअरेस्ट नेबर ठेवलंस तर आडव्या-उभ्या बारीक रेघा येतात आणि त्याही लाकडात उतरतात. मग डेमटूथ्रीडी नावाचं प्लगइन आहे, ते सरळ एसटीएल (त्रिकोणांनी बनलेली थ्रीडी फाइल) काढून देतं, मध्ये फोटो नकोच. १२०० बाय ९०० बिंदू धरले तर २१-२२ लाख त्रिकोण, फाइल ११० एमबीच्या आसपास, साधा लॅपटॉप झेपवतो. फोटोवरूनच करायचं असेल तर १६ बिट पीएनजी काढ, ६५,५३६ छटा असतात, आणि उंचीची खालची-वरची हद्द तुझ्या भागाची दे. नो-डेटाची, म्हणजे मोजणीच नसलेली, जागा आहे का तेही बघ, एसआरटीएममध्ये ती उणे ३२,७६८ लिहिलेली असते, ती चुकून हद्दीत आली तर अख्खा डोंगर सपाट होतो.

---

नेढ्यातून (ठाणे)

ब्लर नको याला माझा जोरात पाठिंबा, आणि कारण फक्त कड्यांचं नाही.

आपल्या सह्याद्रीला खरोखरच पायऱ्या आहेत. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्यातला कठीण थर कडा होऊन उभा राहतो आणि मऊ थर झिजून त्याचा उतार किंवा माची होते. डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्दच जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. प्रबळची माची घ्या, खालून ठाकूरवाडीवरून चढून माचीवर आलं की हुश्श होतं, पठार लागतं, आणि मग पुढे परत भिंत. ती पायरी बोटाला लागायलाच पाहिजे, ती गेली तर प्रबळ गेला. त्यामुळे तुमच्या बाबांना पायऱ्या नकोत असं नाहीये, त्यांना खोट्या नकोत. ओळखायची खूण सोपी आहे, खोटी पायरी सगळीकडे सारख्याच उंचीची असते आणि शेतातही असते, खरी पायरी कुठे ३० मीटर कुठे १५० मीटर, मध्येच तुटते, घळीत वळते, आणि सपाटीला कधी नसते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर निराशा नको, सुळके. ३० मीटरच्या डेटात कलावंतीण बोथट येते, कारण टोक इतकं निमुळतं आहे की एका चौकोनात टोक आणि खालचा उतार दोन्हीची सरासरी होते. इर्शाळचं आणि नाखिंदचं नेढं तर विसराच, वरून मोजणाऱ्याला भोक दिसत नाही. पण प्रबळ आणि कलावंतीणच्या मधली ती व्ही खाच, पनवेलवरून जाताना दिसते ती, ती डेटात आहे. तुमच्या स्केलला ती दोन-तीन एमएम रुंद येईल आणि ३ एमएमचा बॉलनोज तिच्यात उतरणारच नाही, वरच्यावर जाईल आणि खाच भरल्यासारखी राहील. पाइनवर बघा, नक्की तसंच झालं असणार. तुमच्या बाबांचं बोट कलावंतीण शोधताना ती खाचच शोधणार, त्यामुळे तिथे बारीक बिट लागेलच.

उंची दुप्पट केलीत ते मला व्यक्तिशः पटत नाही. माथेरान एवढं टोकदार नाहीये, ते पसरट आहे, तेच त्याचं रूप आहे. दीडपट तरी करून बघा.

---

रंधा (कळवा)

मी सुतारकाम करणाऱ्या घरातला, सीएनसी नंतर आलं. लाकडाचं बोलतो.

पहिलं म्हणजे पाइन या कामाला घेऊ नकोस. त्यात वर्षाच्या वळ्यांची एक कडक रेघ आणि मध्ये मऊ भाग असतो, पॉलिशपेपर मारला की मऊ भाग खाली बसतो आणि कडक रेघा वर उठतात. डोळ्याला ते नक्षीसारखं वाटतं पण हाताला त्या पण पायऱ्याच लागणार. म्हणजे फाइल सुधारलीस तरी लाकूड परत खोट्या पायऱ्या करेल. सागवान दिसायला राजा आहे पण त्यात वाळूचा अंश असतो, बारीक बिटची धार लवकर जाते, चार-पाच तासांच्या फिनिशिंगमध्ये सुरुवात आणि शेवट वेगळे दिसतात. त्याचा भुसा बऱ्याच जणांना अंगावर उठतो तो वेगळाच. तू शिवण घे. हलकं, फिकं, एकसारखं, फार हलत नाही. नाहीतर हळदू, पिवळसर असतं, रेषा बारीक, कोरायला छान. पनवेलच्या किंवा ठाण्याच्या वखारीत विचार, जुन्या फर्निचरचं निघालेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं.

एकच रुंद फळी घेऊ नकोस. ५०-६० एमएमच्या पट्ट्या काप, एकीच्या टोकाच्या वळ्या वर तर दुसरीच्या खाली अशा उलटसुलट लावून फेव्हिकॉलने जोड, क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेव. कारण तू एकाच बाजूचं लाकूड काढणार आहेस, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, खाडीकडे जवळपास तळापर्यंत आणि माथेरानला काहीच नाही. अशी फळी वाकतेच, पावसाळ्यात तर हमखास. खाली निदान ८-१० एमएम जाडी शिल्लक ठेव, १८ कोरायचं तर २८ ची फळी हवी. रफिंग झालं की लगेच फिनिशिंगला जाऊ नकोस, चार-पाच दिवस घरातच उभी ठेवून दे, आतला ताण मोकळा होऊन जे वाकायचं ते वाकू दे, मागची बाजू परत रंधून सपाट कर आणि मग फिनिशिंग. त्यासाठी रफिंगला एक एमएम माल जास्त सोड.

लाकडाच्या रेषा दक्षिण-उत्तर ठेव. माथेरानची रांग उभी जाते ना, तिच्या धारा रेषांच्या दिशेने आल्या तर टिकतात, आडव्या आल्या तर बारीक धार कपच्यासारखी उडते. मला अनुभव आहे, देवीच्या मुकुटाची टोकं अशीच जायची.

बिट: नेढ्यातून म्हणतात ते बरोबर, टेपर्ड (टोकाकडे निमुळता) बॉलनोज घे, टोकाची त्रिज्या १ एमएम, सगळा नकाशा त्याने कर. ०.२५ स्टेपओव्हरला मधली उरलेली धार एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी राहते, ती हाताला लागत नाही. त्याला अंगाने जाडी असल्यामुळे लांब असूनही थरथरत नाही. मग फक्त प्रबळ, इर्शाळ, चंदेरी एवढ्या भागाला चौकोन आखून अर्धा एमएम त्रिज्येचा फिरव. सगळं बारीकने करायला गेलास तर बारा-पंधरा तास लागतील आणि शेजारी दारात येतील.

आणि लाइट. पाच तासांत एकदा जरी गेली तर काय, याचा आधी विचार कर. जी५४ चा झीरो (कामाची सुरुवातीची जागा ठरवणारा हुकूम) जीआरबीएलच्या मेमरीत राहतो, जी९२ चा लाइट गेली की पुसला जातो, म्हणून झीरो जी५४ मध्येच ठेव आणि लिमिट स्विचवर होमिंग करून घे (म्हणजे मशीनला स्वतःची मूळ जागा शोधू दे), मग परत त्याच जागी येता येतं. फक्त कंट्रोलर यूपीएसवर आणि स्पिंडल नाही असं मात्र करू नकोस, स्पिंडल थांबतो आणि मोटरा चालत राहतात, बिट जागेवर मोडतो. ठेवायचं तर दोन्ही एकाच स्विचवर.

---

भुसा_आणि_बिट

सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोलीदादा, बाबांनी काल मोजल्या, २२ भरल्या, एक बहुतेक खाडीच्या काठात गेली. मी कपाळाला हात लावला. आज क्यूजीआयएस टाकलं आणि कोपर्निकसचा डेटा उतरवला, हिलशेड (डोंगरांवर सावली पाडलेलं चित्र) करून बघितलं तर प्रबळची माची पहिल्यांदा माचीसारखी दिसली. रंधाकाका, शिवणीची चौकशी करतो, पट्ट्यांचं लक्षात आलं.

दोन नवीन अडचणी. एक म्हणजे खारघर-कामोठेकडे सपाटीवर खूप टेंगळं दिसतायत, ती काय आहेत? आणि दुसरी बाबांची. त्यांनी विचारलं उलव्याची टेकडी आली का. आम्ही आधी तिकडेच, तरघरच्या बाजूला राहायचो, ती टेकडी लहानपणी मीही चढलोय. डेटात बघितलं, आहे. पण मित्र म्हणतो विमानतळासाठी ती कापून सपाट केलीय, मग आता ती नकाशात ठेवणं चूक ना?

---

ऐरोली_जीआयएस

टेंगळं म्हणजे टॉवर. रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींच्या गच्च्या जमिनीसारख्याच दिसतात, हे डेटा जमिनीचे नाहीत, वरच्या पृष्ठभागाचे आहेत. वीसेक मजल्यांची इमारत ६० मीटर धर, तुझ्या स्केलला एमएमभर उंचवटा, बाबांना ती टेकडी वाटेल. यावर सोपा उपाय म्हणजे एसआरटीएम घे. २००० साली खारघरमध्ये टॉवर जवळपास नव्हतेच. त्याच्या सपाट भागात एक-दोन मीटरची खरखर असते पण तुझ्या स्केलला १ मीटर म्हणजे ०.०२ एमएम, पॉलिशपेपरच्या एका हातात जाते. व्हॉइड, म्हणजे मोजणी नसलेल्या जागा, भरलेली आवृत्ती घे, म्हणजे कड्यांजवळ भोकं नसतील.

आणि टेकडीचं: २००० च्या डेटात ती पूर्ण उभी आहे, साधारण ९० मीटर, तुझ्या लाकडावर २ एमएम. मी तर म्हणेन ठेव. नकाशा कुठल्यातरी दिवसाचा असतोच, तुझा फेब्रुवारी २००० चा. मागच्या बाजूला तसं लिहून ठेव, सालासकट, म्हणजे कोणाची फसवणूक नाही. बाबा त्या डोंगरात फिरले तेव्हा ती तिथे होतीच की.

---

सायलीचं_घर (घणसोली)

मी मशीनमधली नाही, पण माझी मावशी अंध मुलांच्या शाळेत बरीच वर्षं शिकवायची, तिच्याकडे स्पर्शाचे नकाशे बघितलेत, त्यावरून सांगते, उपयोग झाला तर बघा.

बोटाच्या टोकाला दोन गोष्टी वेगळ्या कळायला मध्ये साधारण दोन एमएमचं अंतर लागतं, त्याहून जवळ असतील तर त्या एकच वाटतात. म्हणून खुणा कमी ठेवा. गावांसाठी पितळी चुका (बारीक खिळे) ठोका, गोल डोक्याच्या, पण चार-पाचच, बेलापूर, पनवेल, नेरळ, कर्जत, बस. तुमचे बाबा उतारवयात अंध झालेत, त्यांना ब्रेल येत नसेल तर ब्रेलच्या पट्ट्या लावून उपयोग नाही, चुका आणि त्यांची आठवण पुरते. उत्तर कुठली ते कळायला एका कोपऱ्याला ठळक खाच करा, मावशी नेहमी म्हणायची की नकाशा हातात दिल्यावर पहिला प्रश्न असतो की हा धरू कसा.

पाणी आणि सपाट जमीन हाताला सारखीच लागते, ही मोठी अडचण असते. खाडी खोल करा, आणि तिचा तळ जमिनीपेक्षा वेगळ्या पोताचा ठेवा, म्हणजे बोट तिथे गेलं की लगेच कळेल की आता पाण्यात आलो. तुमच्या मशीनला ते जमेल की नाही मला माहीत नाही.

उंची दुप्पट ठेवा असं माझं मत. डोळ्याला सावलीमुळे उतार कळतो, बोटाला सावली नाही. फक्त बाबांना सांगून ठेवा की दुप्पट आहे, त्यांचा मनातला हिशोब ते करतील.

---

रंधा (कळवा)

ताई, जमेल, आणि फार चांगलं सुचवलंत. खाडीचा काठ ओपनस्ट्रीटमॅपवरून रेषा म्हणून काढ, डेटाच्या भरवशावर राहू नकोस. तिथे तिवरं आणि चिखल दोन-चार मीटरचा, लाकडावर ०.१ एमएम पण नाही, खाडी कुठे सुरू होते ते कळणारच नाही. त्या रेषेच्या आत दीड एमएम खोल पॉकेट (खळगा) मार, आणि त्याचा शेवटचा हात ३ एमएम बॉलनोजने दीड एमएम स्टेपओव्हरने फिरव. मध्ये बारीक लाटांसारख्या धारा राहतील, ०.२ एमएमच्या जवळ, हाताला छान कळतात. त्या भागाला पॉलिशपेपर अजिबात लावू नकोस.

डोंगराला पण जास्त घासू नकोस. २४० चा कागद बोटावर गुंडाळून रेषांच्या दिशेने दोन हात, बाकी नायलॉनच्या ब्रशने. लाकूडभरणी लावू नको, ती खाचेत जाऊन बसते. फिनिशला लाखेचं पॉलिश पावसाळ्यात पांढरं पडतं, डबल बॉइल्ड जवसाचं तेल लाव, पातळ हात, तासाभराने जास्तीचं पुसून टाक, तीन-चार हात दे. आणि त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून मग टाक. घरातली बाल्कनी आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

---

भुसा_आणि_बिट

पाच आठवड्यांनी येतोय, सांगायला उशीर झाला.

शिवण मिळाली, पनवेलच्या वखारीतून, ३५ ची फळी होती ती कापून-रंधून सात पट्ट्या जोडल्या. रफिंगनंतर सहा दिवस ठेवली आणि खरंच मधून दीड एमएम वाकली, मागून रंधून सपाट केली. एसआरटीएम, यूटीएम, क्युबिक, डेमटूथ्रीडी, जसं सांगितलं तसं. टेपर्डने सात तास लागले, दोन दिवसांत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचच्या मध्ये केलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून. प्रबळ-इर्शाळचा चौकोन अर्धा एमएमच्या बिटने वेगळा केला. चंदेरीला रेषा आडव्या गेल्या आणि टोकाची एक कपची उडाली, फेव्हिकॉलने परत बसवली. उंची दुप्पटच ठेवली, नेढ्यातूनदादा, माफ करा, दीडपटची छोटी ट्रायल केली होती पण बाबा दुप्पटवर ठाम राहिले.

काल हातात दिलं. आधी कोपऱ्याची खाच शोधली, मग खाडी, त्या धारांवरून दोन-तीनदा बोट फिरवलं. नेरळच्या चुकेवरून निघाले, सपाटीवरून सरळ आले, कुठे अडखळले नाहीत, मग चढ लागला, माथेरानच्या माथ्यावरून पश्चिमेला आले आणि कड्यावरून बोट एकदम खाली गेलं. तिथून धोदाणी, मग प्रबळची माची, तिथे थांबले, म्हणाले इथे पाणी प्यायचो. खाच सापडली, कलावंतीण बोथट आहे म्हणाले, मी कारण सांगितलं. उलव्याची टेकडी शेवटी सापडली, दोन एमएमची, तिच्यावर अंगठा ठेवून बराच वेळ बसले होते.

आता त्यांना पुढचा तुकडा हवाय, कर्जतच्या पलीकडे भीमाशंकरपर्यंत, याला जोडून ठेवता येईल असा. तर ऐरोलीदादा, तिकडे उंची हजार मीटरच्या वर जाते, मग दोन्ही फळ्यांचे काठ जुळायला तळ एकच ठेवून १ मीटरला ०.०२२ एमएम हेच गणित धरायचं ना? म्हणजे दुसरी फळी जाड घ्यावी लागेल, वखारवाल्याला तसं सांगून ठेवतो. आणि रंधाकाका, दोन फळ्यांचा सांधा पावसाळ्यात उघडू नये म्हणून डॉवेल (लाकडी खुंट्या) घालू की नुसत्या शेजारी ठेवू?

---

रंधा (कळवा)

डॉवेल घाल पण फेव्हिकॉल लावू नकोस, सैल बसव. दोन फळ्या वेगवेगळ्या फुगतील-आकसतील, त्यांना थोडी जागा हवी. आणि बाबांना माझा नमस्कार सांग.